आमच्याच विरुद्ध उभे राहणारे सबनीस

सबनीस वकील कोर्टात कधी जात नसत, पण काळा कोट मात्र रोज अंगात घालत, आणि तोही आमच्याविरुद्ध.

कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर जायचं. ते एकदा शांतपणे वाचत. मग उठत, खुंटीवरचा कोट अंगात चढवत, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत येऊन बसत, आणि त्या क्षणापासून ते आमचे राहत नसत. मान तिरकी होई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येई, आवाज चढे. ज्याला पत्र जायचं तो इसम, किंवा त्याने उद्या लावलेला वकील, त्यांच्या अंगात येई. पत्र लिहिणाऱ्याने पुढ्यात उभं राहून उत्तरं द्यायची.

"इमारत मजबूत आहे, असं आपण लिहिलंय. म्हणजे किती मजबूत?"

"म्हणजे... चांगली मजबूत."

"गच्चीवर हत्ती चढवला तर?"

"अहो, हत्ती कोण कशाला चढवेल?"

"हत्ती सोडून, असं तुम्ही लिहिलेलं नाही. मी चढवणार!"

एवढं झालं की कोट परत खुंटीवर जाई, सबनीस आपल्या जागी येऊन बसत आणि मायेने म्हणत, "देसाई, घ्या लिहून. आजच्या तारखेस, नजरेस पडलेल्या भागात, दोष आढळून आला नाही. आमच्या माहितीप्रमाणे." मी दात-ओठ खात लिहून घेई. आठ दिवस राबून उभ्या केलेल्या आकडेमोडीचं असं पाणी झालेलं बघून कुणाला आनंद होईल?

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. सांगलीत आमची इंजिनियरांची कचेरी होती. कारखाने, शाळा, मंगल कार्यालयं, पाण्याच्या टाक्या, जिकडे तिकडे बांधकामं निघाली होती आणि आम्ही त्यांचे नकाशे करत होतो. आमचे मालक थोरातसाहेब. एका जुन्या करारात ते असे काही अडकले, की त्यांनी कानाला खडा लावला आणि पगारी वकील कचेरीतच आणून बसवला. गावात हसू झालं. इंजिनियरांच्या कचेरीत वकील म्हणजे सुताराच्या दुकानात शिंपी, असं लोक आमच्या तोंडावर म्हणत.

सबनिसांनी फक्त करारनामे बघायचे, असं ठरलं होतं. पण हा माणूस पसरत गेला. करारनाम्यांवरून पत्रांवर आला, पत्रांवरून नकाशांच्या कडेला लिहायच्या टिपांवर. पुढे प्रत्येक नकाशावर त्यांनी एक रबरी शिक्का मारायला लावला, की बांधकामाची जबाबदारी कंत्राटदाराची. माठावर कुणीतरी 'थंड पाणी' अशी चिठ्ठी लावली होती, त्यातलं 'थंड' त्यांनी खोडलं, कारण उन्हाळ्यात त्याची खात्री कोण देणार. थोरातसाहेबांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत 'कार्य सिद्धीस नेण्यास श्री समर्थ आहे' असं छापायचं होतं, तर हे म्हणाले, "तिसऱ्याच्या वतीने आपण हमी कशी द्यायची?" साहेबांच्या पत्नी त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांचा पेटंट प्रश्न एकच. "उद्या याचं काय निघेल?" चहात साखर जास्त पडली तरी हाच प्रश्न. आणि कचेरीत 'चुकलं' या शब्दाला बंदी होती. राहून गेलं म्हणा, विचाराधीन आहे म्हणा, तपासून कळवतो म्हणा, पण चुकलं म्हणायचं नाही. हा शब्द एकदा तोंडातून गेला की परत आत येत नाही, असं ते बजावत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. या माणसाला अंगाशी काही येऊ न देण्यापलीकडे जगात कशाचंही सोयरसुतक नाही, असं माझं ठाम मत होतं.

वैशाखातल्या एका सकाळी रहिमतपूरहून ट्रंककॉल आला. फोन मीच घेतला. पलीकडे आमचे साइटवरचे सुपरवायझर खोत होते आणि त्यांचा आवाज चिरकला होता.

"देसाई, सज्ज्याला भेग गेलीय. वरच्या अंगाला, भिंतीलगत, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगाऱ्याने बुजवून वर चुना मारलाय, तरी परत उघडलीय. आणि आज दुपारी इथं..."

लाइन तुटली. ती पुन्हा लागेना.

पुढचं मला ठाऊक होतं. रहिमतपूरच्या बाजीरावअण्णांनी आमच्या नकाशावरून मंगल कार्यालय बांधलं होतं आणि पहिलं लग्न घरच्याच मुलीचं धरलं होतं. वऱ्हाड औंधचं. पुढच्या दारावर भिंतीतून आत सभागृहात पुढे आलेला मोठा सज्जा होता, खाली खांब नाही, बीम नाही. असा सज्जा नुसता आतल्या सळयांवर तरतो, आणि त्या सळया वरच्या अंगाला असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना मजूर पाट्या घेऊन त्यांच्यावरून चालले तर त्या दबून तळाला बसतात, आणि वरून कुणाला काही कळत नाही. भेग वरून, भिंतीलगत गेली, याचा अर्थ मला एकच दिसत होता. लग्न लागताना वर अक्षता टाकायला पोरंबाळं दाटणार आणि खालून सगळं गाव ये-जा करणार.

थोरातसाहेब पांढरेफटक पडले. "तार करा," म्हणाले. मी लिहिलं, सज्जा धोक्याचा, वापरू नये. कागद सवयीने सबनिसांकडे गेला. त्यांनी कोट घातला, समोर येऊन बसले, कागद हातात धरला. आम्ही उलटतपासणीची वाट बघत उभे राहिलो. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कागद खाली ठेवून म्हणाले, "तार पोचेपर्यंत लग्न लागलेलं असेल. जीप काढा. मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार? भेग बघणार?"

"भेग देसाई बघतील. बाकीचं मी बघतो."

थोरातसाहेब जीपपर्यंत आले. "सबनीस, नकाशावर आपला शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच बोला. कंत्राटदाराची जबाबदारी. तोंडातून जास्त काही जाऊ देऊ नका."

"आपली सूचना ऐकली," सबनीस म्हणाले. याचा अर्थ हो असा होत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या प्रवासाची आठवण आजही मला नको वाटते. तासगावात बेदाण्याच्या शेडपुढे ट्रॅक्टर आडवा पडलेला. विट्याच्या पुढे चाक पंक्चर. ड्रायव्हर महादू जॅक लावताना घामाने निथळत होता आणि मी घड्याळाकडे बघून बघून वेडा व्हायची वेळ आली होती. सबनीस रस्त्याच्या कडेला कोट घालून उन्हात उभे. मध्येच त्यांनी विचारलं, "सज्ज्यावर माणसं किती मावतील?"

"दाटीवाटीने पन्नास."

"बहुतेक कोण चढतं?"

"पोरं. आणि बायका."

कोट न काढताच त्यांनी चाक बसवायला महादूला हात लावला.

आम्ही पोचलो तेव्हा कर्ण्यावर गाणं वाजत होतं आणि सज्जा निम्मा भरला होता. खोत जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांच्या काखेखालून पोरं वर पळत होती. मी वर गेलो. ताज्या चुन्यावर भिंतीलगत काळी रेघ उमटली होती. खिशातली किल्ली घातली, ती दात दिसेनासे होईपर्यंत आत गेली.  शेजारी एक आजीबाई मांडी घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय हुडकताय वो पावनं? काय हारवलं का?"

मी खाली येऊन सबनिसांना सांगितलं, आत्ता खाली करायला हवा, दारही बंद करायला हवं. खोतांनी तर रडायचंच बाकी ठेवलं होतं. आमच्याकडे स्लॅब ओतून झाला की इमारतीचा मालक मटणाचं जेवण घालतो. काँक्रीटच्या दिवशी मोठा स्लॅब संपला, सज्जा तेवढा राहिला, आणि अण्णांनी खोतांच्या दंडाला धरून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. खोत रस्सा ओरपत असताना मागे मजुरांनी सळयांवरून चालत सज्जा भरून टाकला. "नाही म्हणता आलं नाही हो वकीलसाहेब. अण्णा स्वतः वाढत होते."

सबनिसांच्या हातात आयताच हुकमाचा पत्ता आला होता. शिक्का आमच्या बाजूने, कंत्राटदार चुकलेला, आणि आमच्या माणसाला कामावरून उठवून नेणारा खुद्द इमारतीचा मालक. यातल्या एकेका गोष्टीवर त्यांनी कोर्टात वर्षं काढली असती.

ते अण्णांना भांडारघरात घेऊन गेले. मीही गेलो. बाहेर आचारी जिलब्या काढत होते. सबनिसांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अण्णांचा रंगच उडाला.

"आवं, रंगारी तर म्हनला, गिलाव्याची भेग हाय! आन् आता मुहूर्त तोंडावर आलाय. लगीन भाईर कसं हलवू?"

"हलवावंच लागेल."

"वकीलसाहेब, तुमास्नी कळंना झालंय. पोराची आत्या लय कडक बाई हाय. पैल्याच कार्याला इमारत फुटली म्हनल्यावर पोरीच्या पायगुनावर येनार ते. जलमभर ऐकंल वो माझी सुमन. कायतरी दुसरं कारन सांगू की. आत लय उकडतंय म्हनू."

माझ्या मनात आलं, सांगून टाकावं काहीही, पण माणसं हलवा. सबनीस मात्र तिथेच उभे.

"उद्या याचं काय निघेल, अण्णा? सज्जा तर पाडावाच लागणार. सगळ्या गावाला दिसेल. मग लोक म्हणतील, सून घरात आली त्याच दिवशी इमारत भंगली, आणि बापाला माहीत होतं, तरी त्याने लपवलं."

अण्णा तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले. "मग मी करू तरी काय?"

सबनिसांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि ते सरळ माइककडे चालत गेले. माइकवाला वऱ्हाडी मंडळींना सरबत घ्यायला सांगत होता. त्याच्या हातातून त्यांनी माइक घेतला, गाणं बंद करायला लावलं.

"मंडळी, मी सबनीस. ही इमारत ज्या कचेरीने आखली त्या कचेरीचा वकील. वरचा सज्जा धोक्याचा झाला आहे. चूक आमची आहे. आमच्या माणसाने उभं राहून काम बघायला हवं होतं, त्याने बघितलं नाही. बाजीरावअण्णांना आम्ही हे आत्ता सांगतो आहोत. त्यांना आणि त्यांच्या घरातल्या कुणालाही याची कल्पना नव्हती. सज्ज्यावरची माणसं सावकाश खाली या. पुढच्या दारातून कुणी जायचं नाही. लग्न मागच्या अंगणात लागेल."

मी कान टवकारून ऐकत होतो. आमच्या माहितीप्रमाणे नाही, तूर्त नाही, असे समजते नाही. सगळं गाव ऐकत होतं, बँडवाले सुद्धा.

एकदम गलका झाला. नवऱ्या मुलाचे चुलते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते मिशांवर हात ठेवून पुढे आले. "म्हंजे तुमच्यापायी आमी उन्हात उभं ऱ्हायाचं?"

"हो."

"आन् वरनं पोरंबाळं खाली आली आसती तर?"

"तर तुम्ही आम्हाला इथून जिवंत जाऊ दिलं नसतं, आणि ते बरोबर झालं असतं."

सुभेदार गर्रकन वळून सज्ज्याकडे ओरडले, "ये पोरांनो! लाईनीत! येकामागं येक! जो पळंल त्याला फोडून काढीन!" पोरं गपचूप जिना उतरायला लागली. आजीबाई काही उठेनात. त्यांना जागा चांगली मिळाली होती. शेवटी खोतांनी त्यांना पाठुंगळीला मारून खाली आणलं. त्या उतरल्या आणि मागोमाग भिंतीलगतच्या गिलाव्याचा एक पापुद्रा सुटून दारात पडला. 

आणि तेवढ्यात ती आत्या बोललीच. हिरवं लुगडं, नाकात नथ, आवाज चांगलाच खणखणीत. "सज्ज्याचं ऱ्हाऊ द्या. पन पैल्याच कार्याला हे आसं घडतं, ह्यो पायगुन कुनाचा म्हनायचा?"

 मुंडावळ्या बांधलेली सुमन बाजूच्या खोलीच्या दारात उभी होती, तिने ते ऐकलं. अण्णांची मान खाली गेली.

सबनीस माइक सोडून बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "बाई, हे काम बिघडलं तेव्हा तुमची सोयरीक ठरलेलीसुद्धा नव्हती. मुलीचा काय संबंध? काय बोलायचं असेल ते मला बोला. मी इथंच उभा आहे."

बाई बोलल्या! हयगय केली नाही. फुकट पगार खाणारे म्हणाल्या, लोकांच्या जिवाशी खेळणारे म्हणाल्या, चष्मा लावून आंधळे म्हणाल्या. सबनीस हात जोडून उभे. प्रत्येक शिवीनंतर मान हलवून म्हणत, "मान्य." पुढची शिवी. "हेही मान्य." ज्या माणसाने आजवर कचेरीत चहात साखर जास्त पडल्याचंही मान्य केलं नव्हतं, तो एकापाठोपाठ एक सगळं मान्य करत सुटला होता. बायकांत कुणाला तरी हसू फुटलं. बाईंनाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "आता काय ह्यास्नीच आक्षदा टाकत बसायचं व्हय? चला की भाईर, मुहूर्त चाललाय!"

अंगणात सतरंज्या अंथरल्या गेल्या, अंतरपाट धरला गेला, भटजींनी जरा घाईने मंगलाष्टका म्हटल्या आणि लग्न वेळेवर लागलं. मला वाटलं, आता निघावं. थोरातसाहेबांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. पण सबनीस हलेनात. पंगती उठल्या, सुमनची पाठवणी झाली, आत्याने तिला हाताला धरून गाडीत आपल्याशेजारी बसवलं, गाडी औंधच्या रस्त्याला लागली, तोपर्यंत ते कोपऱ्यात उभे होते. मग म्हणाले, "चला."

तो सज्जा पुढच्या आठवड्यात आम्ही पाडला. टेकू लावलेले होते म्हणून बरं. पहिल्या घणातच तो टेकूंवर कोसळला. सळया सगळ्या तळाला होत्या. नवा सज्जा कचेरीने आपल्या खर्चाने घातला आणि थोरातसाहेबांनी सबनिसांशी बोलणं टाकलं. पुढे पत्रं तुंबायला लागली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. सांगलीत आलो तेव्हा दिवे लागले होते. सबनिसांना आधी घरी सोडलं. त्यांचा कोट अजून माझ्याकडे होता, तो द्यायला मी दारापर्यंत गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. दार एका वयस्क बाईंनी उघडलं. केस पांढरे, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र.

"अक्का, हे आमचे देसाई," सबनीस पायरीवर बसत म्हणाले. "रहिमतपूरला गेलो होतो. तिथं एका लग्नात जरा..." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सज्ज्याचं थोडक्यात, आत्याचं सविस्तर.

अक्का दाराला धरून ऐकत होत्या. "मुलगी कुठं होती तेव्हा?"

"दारात उभी होती. ऐकत होती."

"मग?"

"मग मी म्हटलं, मुलीचा काय संबंध. दोष आमचा. घेतलं सगळं माझ्यावर."

"सासरी नीट गेली?"

"नीट गेली. ती बाईच तिला शेजारी घेऊन बसली. गाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो होतो."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. परक्या माणसासमोर बोलावं की नाही, असा विचार त्यांनी केला असावा. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझं सासर हरिपूरच्या बाजूचं. हळदीचा व्यापार. माझं लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांच्या पेवात पाणी शिरलं, जमिनीखाली साठवलेली सगळी हळद कुजली. पेवाचं तोंड नीट बंद केलेलं नव्हतं, गड्यांना ठाऊक होतं, मुनिमाला ठाऊक होतं. पण नवी सून आयती सापडली होती. माहेरी आणून सोडली ती सोडलीच. तिथं एकाने तरी तोंड उघडून म्हणायचं होतं, की बाबांनो, चूक आमची आहे."

मला खूप लाज वाटली आणि त्या माणसाविषयी एकदम फार माया वाटली. सबनीस या बहिणीला घेऊन, स्वतः लग्न न करता का राहिले, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

"मी होतो की तिथं," सबनीस खाली बघत म्हणाले. "तुला पाठराखण म्हणून मला धाडलं होतं. मी सगळं ऐकलं होतं, अक्का. मुनीम गड्याशी बोलताना ऐकलं होतं. पण मला बोलता आलं नाही."

"लहान होतास रे तू," अक्का म्हणाल्या. "मोठी माणसं पुष्कळ होती तिथं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं. आमच्याकडे कुणी येत नाही." आणि त्या भात टाकायला आत गेल्या.

सबनीस पायरीवर वाकून बुटाची नाडी सोडत बसले. ती सुटली होती, तरी ते वर बघत नव्हते. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.